स्वस्तातली पिल्लं

साइराकान मिनीबसमधून उतरली ती खोकं पोटाशी धरूनच. पिठाचं पोतं ड्रायव्हरनं उतरवून दिलं, तेलाची बाटली शेजारच्या बाईनं खिडकीतून दिली, पण खोक्याला तिनं कोणाचा हात लागू दिला नाही.

तिचा नवरा ओमुरझाक भिंतीच्या कडेला उन्हात बसला होता. एप्रिलचं ऊन, पाठीला लागतं न लागतं असं. समोरच्या डोंगरावर अजून निम्म्यापर्यंत बर्फ होता. त्याच्या मांडीवर घोड्याची जुनी म्होरकी होती आणि तो तिची शिवण उसवून पुन्हा घालत होता. घोडा मागच्या शरदातच विकला होता.

"काय आणलंस?"

"आधी दार उघडा. वारा लागेल त्यांना."

"कोणाला?"

खोक्यातून चिवचिवाट झाला. ओमुरझाकनं काठी टेकली, डावा पाय मागे ओढत उठला आणि दार उघडलं. साइराकाननं खोकं चुलीशेजारी ठेवून झाकण काढलं. आत पिवळा, हलणारा, धडधडणारा एक गोळा होता.

"तीस आहेत. त्यातलं एक वरती दिलं," ती म्हणाली. डोक्याचा रुमाल सोडून तिनं कपाळावरचा घाम पुसला. "पांढऱ्या अंड्यांची जात आहे. सगळ्या माद्या. ल्यूबा ज्या भावात एक घेते, त्या भावात मला तीन मिळाली."

"एवढी स्वस्त का दिली?"

"शहरातून गाडी आली होती. गाडीवाल्याला संध्याकाळच्या आत परत जायचं होतं. ल्यूबा बाजारात भेटली तर म्हणते, घेऊ नकोस, फसशील. तिचं काय जातं? गावात आपल्याशिवाय कोणाची अंडी खपू नयेत असं वाटतं तिला."

ल्यूबा म्हणजे कुंपणापलीकडची रशियन विधवा. तिच्याकडे वीस वर्षं कोंबड्या होत्या आणि साइराकान वीस वर्षं तिच्याकडून अंडी विकत घेत होती.

ओमुरझाक खोक्यात वाकून न बघता म्हणाला, "आमच्या घराण्यात कोणी कधी कोंबडी पाळली नाही."

"तुमच्या घराण्यात कोणी घोड्यावरून पडलंही नव्हतं," साइराकान म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

पडला तो दरडीखाली. चाळीस उन्हाळे त्यानं दुसऱ्यांची मेंढरं डोंगरावरच्या कुरणात नेली होती आणि एकही उन्हाळा चुकवला नव्हता. सप्टेंबरात कळप खाली उतरवताना घोड्याचा पाय सुट्या दगडांवर घसरला, घोडा त्याच्या कमरेवर पडला. नोव्हेंबरात जिल्ह्याच्या डॉक्टरनं त्याला बाहेर बसवलं आणि साइराकानला आत बोलावलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "वेळ लागेल म्हणतात. जोर देऊ नका म्हणाले." मग हिवाळाभर त्यानं खोगीर तेलात मळलं, दोर वळले, आणि मार्चमध्ये मेंढरांचा मालक तुर्दूकुल फाटकाशी आला तेव्हा त्याला विचारलं, "यंदा कधी निघायचं?"

तुर्दूकुल चपापला. टोपी डोक्यावर मागे सारून आदरानं म्हणाला, "आके, मी दुसरा माणूस बघितलाय. साइराकान एजेनं हिवाळ्यातच सांगितलं होतं, तुमचा पाय आता घोड्यावर चढण्यातला नाही म्हणून. तुम्हाला... बोलल्या नाहीत का त्या?"

"बोलली ना," ओमुरझाक म्हणाला. "बोलली होती. विसरलो मी."

तो आत आला, चहा प्यायला, आणि या गोष्टीबद्दल बायकोजवळ एक अक्षर बोलला नाही.

*

साइराकान शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. सकाळी सातला जायची, तीनला यायची. पिल्लं आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी जाताना तिनं बजावलं, "दिवा विझू देऊ नका. पाणी बघा. एवढंच."

जुन्या टीव्हीच्या खोक्यात तिनं वर्तमानपत्र अंथरलं होतं, वरून दिवा सोडला होता. उपड्या बरणीतून बशीत पाणी झिरपत होतं. पिल्लं बुडू नयेत म्हणून बशीत खडे टाकले होते. ओमुरझाक खोक्याकडे पाठ करून बसला. पण घर एका खोलीचं, आणि पाठीला कान असतात. तासाभरात चिवचिवाट बदलला. बारीक, टोचरा, एकसुरी झाला. कोकरू भुकेनं ओरडतंय की गारठ्यानं हे तो झोपेतसुद्धा सांगू शकायचा. हा गारठा होता. त्यानं दोन वेळा स्वतःला सांगितलं की ही काही कोकरं नव्हेत. मग उठला आणि दिवा चार बोटं खाली घेतला. आवाज मऊ पडला.

खोक्यात वाकला होताच, तर त्याला दिसलं की दोन पिल्लांचे पाय गुळगुळीत कागदावर दोन्ही बाजूंना फाकतायत. फाकलेला पाय तसाच आखडला तर ते पाखरू उभं राहत नाही, हे कोणी त्याला सांगायची गरज नव्हती. त्यानं कागद ओढून काढला, सुताराकडून लाकडाचा भुसा आणला. जाऊन येऊन दोनशे पावलं, पण त्याला अर्धा तास लागला. फाकलेले पाय त्यानं लोकरीच्या धाग्यानं एकमेकांना सैल बांधले.

तिसऱ्या दिवशी काहींच्या बुडाशी विष्ठा वाळून चिकटली. तुंबलं की पिल्लू मरतं. एक मेलंच. मग तो पेल्यात कोमट पाणी घेऊन बसला, एकेकाला मुठीत धरून ओल्या चिंधीनं बूड सोडवत. ज्या अंगठ्यानं त्यानं हजारो मेंढ्यांची अडलेली कोकरं ओढून काढली होती, तो अंगठा पिल्लाच्या अख्ख्या पाठीएवढा होता. तेवढ्यात पोस्टमन पेन्शन घेऊन दारात आला. बघत राहिला.

"हे काय करताय, आके?"

"ढुंगण धुतोय," ओमुरझाक म्हणाला. "तुझं राहिलंय का?"

पोस्टमननं ते गावभर सांगितलं.

तयार खाद्य परवडण्यातलं नव्हतं. साइराकान ल्यूबाकडची अंडी उकडून कुस्करायची, त्यात बाजरीची कणी आणि घट्ट दह्याचा चोथा. कुंपणाकडेला हाताला चावणारा कोवळा पाला उगवला होता. तो ओमुरझाक हातमोजे घालून खुडायचा आणि केसाएवढा बारीक चिरायचा. पहिल्या आठवड्यात चार पिल्लं गेली. दोन त्याच्या हातात गेली, मान टाकून, काही कारण न देता.

एप्रिलच्या शेवटी सकाळी पाऊस होता, दहाला त्याचा बर्फ झाला. ओला, जड बर्फ. अकराला दिवा गेला. ओमुरझाकनं खिडकीतून पाहिलं तर विजेची तार रस्त्यावर लोळत होती. त्यानं चुलीत गोवऱ्या कोंबल्या, पाणी तापवलं, प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरलं, बाटल्यांवर लोकरीचे मोजे चढवून खोक्यात ठेवल्या आणि वरून लोकरीचा जाड नमदा टाकला. बाटल्या तासात निवायच्या. चुलीपासून खोक्यापर्यंत, खोक्यापासून चुलीपर्यंत त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुपारी दोनच्या सुमारास कमरेत अशी कळ आली की तो खोक्याशेजारीच खाली बसला आणि त्याला परत उठता येईना. पाणी चुलीवर उकळत होतं. तिथं पोचायला पाच पावलं होती.

त्यानं मेंढीच्या कातड्याचा कोट काढला, जमिनीवर आडवा झाला, पिल्लं मूठ मूठ छातीवर, पोटावर, काखेत सोडली आणि वरून कोट ओढून घेतला.

साइराकान तीनला भिजून आली. बर्फातून धावत आली होती. दार उघडलं तर नवरा जमिनीवर पसरलेला, डोळे मिटलेले. तिच्या तोंडून किंकाळी निघणार तेवढ्यात त्याचा कोट उकळी फुटल्यासारखा हलला, आणि गळ्याजवळून एक पिवळं डोकं वर आलं.

"हलू नका म्हणून सांगितलंय त्यांना," ओमुरझाक डोळे न उघडता म्हणाला. "ऐकत नाहीत. माझ्या काखेत हगलीत सगळी."

साइराकान ओल्या रुमालासकट दाराशीच बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली. नोव्हेंबरपासून ती अशी हसली नव्हती. ओमुरझाकनं एक डोळा उघडून ते पाहिलं.

*

मे सरता सरता कळप वर निघाले. फाटकासमोरून तुर्दूकुलची मेंढरं दोन तास जात होती. धुळीत, घामाच्या वासात, कोकरांच्या कलकलाटात. ओमुरझाक फाटकाशी उभा राहिला. आत बसला असता तर लोकांनी म्हटलं असतं, तोंड लपवतोय. नवा मेंढपाळ तिशीतला होता. घोड्यावरून सलाम करून पुढे गेला. त्याच्यामागचा एकजण ओरडला, "आके, तुमचा कळप केवढा झाला?"

"सव्वीस," ओमुरझाक म्हणाला. "सगळे जिवंत. तुझे परत येताना मोजून सांग."

धूळ खाली बसल्यावर तो खुराड्याकडे गेला. पिल्लांना आता पांढरी पिसं फुटली होती, लांब तंगड्या झाल्या होत्या. बादली उपडी करून तो बसला. डोळ्यांपुढून नुकतीच हजार मेंढरं गेली होती आणि नजर अजून कळपाची होती. त्या नजरेनं त्यानं या सव्वीस पाखरांकडे पाहिलं. आणि त्याला ते दिसलं.

तुरे. एवढ्या लवकर, एवढे लाल. जाड पाय. दोघं छातीला छाती लावून, मान ताणून उभे राहत, मग तिसरा, चौथा. कळपात नर आणि मादी निराळे चालतात. इथं सगळे एकच चाल चालत होते.

त्यानं दोन पिल्लं काखेत घेतली आणि कुंपणाशी गेला. ल्यूबा बटाट्याचं आळं करत होती. तिनं हात झटकले, एक पिल्लू उलटं करून पाहिलं, दुसरं पाहिलं.

"नर. हाही नर."

"उरलेले चोवीसही असेच आहेत."

"अंडी उबवणारे लोक माद्या वेगळ्या काढून घेतात आणि नर फेकून देतात. फेकायच्या ऐवजी कोणीतरी गाडीत भरून आणतो." ल्यूबानं पिल्लू परत दिलं. "मी तिला बाजारात म्हटलं होतं, ओमुरझाक. तिनं तोंड फिरवलं."

"तिला बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? अंडी घेते आणि जाते, माझ्याशी बोलतच नाही."

त्या संध्याकाळी साइराकान गाणं गुणगुणत आली. शाळेच्या मुख्य स्वयंपाकिणीनं, राखातनं, तिला शब्द दिला होता. सप्टेंबरपासून शाळेला लागणारी अंडी साइराकानकडून घ्यायची. "दिवसाला वीस जरी पडली," ती बोटं मोजत म्हणाली, "तरी मला भांडी घासायला जायला नको. माझी बोटं बघा, सोड्यानं काय झालीत." तिनं हात पुढे केले. कातडी भेगाळली होती, नखांच्या कडेला लाल झाली होती. "आणि चार-दोन नर निघतील म्हणा. त्यांचं सूप करू."

ओमुरझाक त्या हातांकडे बघत राहिला. सांगायचं ते ओठापर्यंत आलं होतं.

"अंडी घालायला पेट्या लागतील ना?" ती म्हणाली. "पाच तरी करा. आत गवत घाला. अंधारी हवी म्हणतात."

त्यानं पाच पेट्या केल्या. जुन्या फळ्या, मोडक्या पलंगाच्या पट्ट्या, सरळ केलेले खिळे. फळी तासून गुळगुळीत केली, काठाला बोटभर उंची ठेवली, अंडं गडगडू नये म्हणून. तीन दिवस तो त्यात गुंतला होता. कुंपणापलीकडून ल्यूबा बघायची आणि मान खाली घालून बटाट्यांत शिरायची.

*

जूनच्या मध्यावर राखात स्वतः कोंबड्या बघायला आली. बरोबर स्वयंपाकघरातल्या आणखी दोघी होत्या. साइराकाननं अंगणात दस्तरखान मांडला, तळलेल्या पुऱ्या, मलई, जर्दाळूचा मुरंबा. मग सगळ्यांना खुराड्याशी नेलं.

"पेट्या आमच्या म्हाताऱ्यानं केल्या," ती म्हणाली. "बघा की, पाळण्यासारख्या."

"छान आहेत," राखात म्हणाली. तिनं वाकून पाहिलं. "तुरे फार मोठे नाहीत का गं यांचे?"

"जातच तशी आहे."

तेव्हा त्यातल्या एकानं पेटीवर उडी मारली, मान ताणली आणि घसा फाटलेल्या माणसासारखा आवाज काढला. आरवणं नव्हतं ते अजून, पण दुसरं काहीही नव्हतं. त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं. मग कोपऱ्यातून तिसरा, मग चौघं एकदम, एकापेक्षा एक बेसूर.

एक बाई फसकन हसली. राखात हसली नाही, ते जास्त वाईट होतं. ती म्हणाली, "साइराकान, अगं यात मादी कुठली आहे?"

साइराकाननं एकेकाकडे बोट करत पाहिलं. बोट सव्विसाव्यापर्यंत गेलं आणि खाली आलं. तिचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. मग ती ओमुरझाककडे वळली. तो भिंतीशी उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

पाहुण्या गेल्या. मुरंबा तसाच राहिला. साइराकाननं दस्तरखान गोळा केला, दार लावलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"कळप गेले त्या दिवसापासून."

"तीन आठवडे." तिचा आवाज हळू होता. "तीन आठवडे मी शाळेत सांगत फिरतेय. आणि तुम्ही पेट्या करत होतात. खिळे ठोकत होतात. गवत घातलंत आत!"

"तू खुशीत होतीस."

"म्हणून?"

"म्हणून नाही बोललो. वर्षभरात तुला कधी..."

"मला लहान पोर समजतोस?" चाळीस वर्षांत तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "माझी खुशी तू राखणार? मी काय तुझ्या कोटातलं पिल्लू आहे? त्या बायांसमोर माझं नाक कापलं गेलं, आणि तू भिंतीला टेकून बघत होतास!"

"मग तू काय केलंस?" ओमुरझाकनं काठी जमिनीवर आपटली. "डॉक्टरनं तुला आत बोलावून काय सांगितलं? मी हिवाळाभर खोगीर मळत होतो, तुझ्या डोळ्यांदेखत! तेल तूच आणून दिलंस! आणि तुर्दूकुलनं माझ्या फाटकात मला सांगितलं. त्याला माहीत, त्याच्या बायकोला माहीत, सगळ्या गावाला माहीत. मला सोडून."

साइराकान उभी होती ती पलंगाच्या कडेवर बसली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"मार्चपासून."

"आणि बोलला नाहीत."

"तू तरी कुठं बोललीस?"

त्यानंतर तीन दिवस दोघं जरुरीपुरतं बोलले. चहा घ्या. मीठ दे. कोंबडे पहाटेपासून घसे साफ करत होते, आणि त्या घरात तेवढेच काय ते मनमोकळे होते.

चौथ्या दिवशी साइराकान कामावरून आली, हात धुतले, आणि ओमुरझाकच्या समोर, बाहेर भिंतीशी, मातीतच बसली.

"डॉक्टर म्हणाला," तिनं सुरुवात केली, रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत, "हाड जुळेल, पण सांधा गेला. घोड्यावर बसलात तर पुन्हा निखळेल, आणि मग काठीवरही चालता येणार नाही. शहरात लोखंडाचा सांधा बसवतात म्हणाला. तेवढा पैसा आपला सात जन्मात होणार नाही. मी म्हटलं, आज सांगू, उद्या सांगू. तुम्ही दोर वळत बसला होतात. दोर वळताना शीळ घालत होतात. मला जमलं नाही."

ओमुरझाकनं ऐकलं.  वर, कुरणाच्या दिशेनं, ढगाची सावली सरकत होती.

"दुखणं वाढत जाणार का?"

"हो म्हणाला."

"बरं."

"अजून काही विचारायचंय?"

"नाही. तुला?"

"त्या कोंबड्यांचं काय करायचं?"

"दाणा खातायत फुकट. रविवारी विकू."

"मी जाते. तुम्हाला तिथं सगळे ओळखतात."

"म्हणूनच मला यायला पाहिजे. दोघं जाऊ."

*

रविवारच्या बाजारात घोडे आणि गुरं वरच्या अंगाला, मेंढरं मधे, आणि कोंबड्या पार शेवटी, शौचालयाच्या भिंतीशी. चाळीस वर्षं ओमुरझाक या बाजाराला वरच्या फाटकातून आला होता. आज तो खालच्या फाटकातून आला, पांढरी टोपी नीट बसवून, आणि खोक्यामागे उभा राहिला. पाय बांधलेले कोंबडे खोक्यातून माना काढून बघत होते.

गिऱ्हाईक येई, छातीचं हाड चाचपे आणि म्हणे, "मांस कुठाय यावर?"

"फार नाही," ओमुरझाक म्हणे. "सूप होईल. चवीला चांगले आहेत, पाल्यावर वाढलेत."

साइराकान आधी रुमाल पुढे ओढून गप्प होती. मग एकानं अर्ध्या भावात मागितला तेव्हा तिनं त्याला असं झाडलं की आजूबाजूच्या बाया हसल्या. त्यानंतर तिचाच आवाज त्या कोपऱ्यात चालला.

दुपारच्या आधी तुर्दूकुल आला. मेंढरांच्या बाजूनं, नवी टोपी, मागे दोन माणसं.

"आके! तुम्ही? आणि कोंबडे?"

"हो. घ्यायचेत?"

तुर्दूकुलनं खिशातून नोट काढली आणि ओमुरझाकच्या हातात दाबली. "ठेवा. दोन कोंबड्यांचे धरा. कोंबडे राहू द्या, मी कुठं वागवू?"

ओमुरझाकनं नोट साइराकानकडे दिली. वाकला, दोन चांगले कोंबडे निवडले, पायांची गाठ पक्की केली आणि तुर्दूकुलच्या हातात अडकवले. "पैसे दिलेस तर माल घेऊन जा. धरताना अंगापासून लांब धर."

तुर्दूकुल ते दोन पांढरे कोंबडे उलटे लटकवून मेंढरांच्या बाजारातून वर गेला, आणि जिथवर दिसत होता तिथवर कोणी ना कोणी त्याला थांबवून काहीतरी विचारत होतं.

दोन वाजेपर्यंत एकवीस विकले गेले. उरलेले पाच साइराकाननं राखातकडे पाठवायचे ठरवले. फुकट नव्हे, भावानं. राखात शब्दाची बाई होती, शाळेच्या सुपाला नर चालतो. हाती आलेल्या पैशांतून पिठा-दाण्याचा खर्च जेमतेम निघाला, वर थोडं उरलं. साइराकाननं रुमालाच्या गाठीत हिवाळ्यात विणलेल्या मोज्यांचे पैसे आणले होते, ते त्यात घातले आणि दोघं पलीकडच्या एका दुंगान, म्हणजे चिनी मुसलमान, बाईपाशी गेली. तिच्याकडे अडीच महिन्यांच्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या होत्या. तांबूस, महाग.

ओमुरझाक काठी बाजूला ठेवून गुडघ्यावर बसला. एकेक तलंग हातात घेतली, तुरा पाहिला, पाय पाहिले, खाली सोडून चाल पाहिली. दुंगान बाई म्हणाली, "सगळ्या माद्याच आहेत, आजोबा." त्यानं पुन्हा एकेकीची चाल पाहिली. सात बाजूला काढल्या.

"किती माद्या?" साइराकाननं विचारलं.

"पाच. या दोघींचं मला सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"अंदाज नाही. कळत नाही मला."

साइराकाननं त्याच्याकडे पाहिलं. मग बाईला म्हणाली, "पाच द्या."

पाच तलंगांचं खोकं तिनं घेतलं. मिनीबसचा थांबा बाजाराबाहेर, चढावर होता. निम्म्या चढावर ओमुरझाक थांबला. काठीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. कपाळावर घाम आला होता.

"दुखतंय का?" साइराकान म्हणाली.

"हो."

"फार?"

"फार. सकाळपासून."

साइराकाननं वर पाहिलं. मिनीबस भरत आली होती, ड्रायव्हर हात करून बोलावत होता. तिनं खोकं रस्त्याकडेच्या दगडावर ठेवलं, त्याला हात दिला आणि शेजारी सावलीत बसवलं. मग ड्रायव्हरला जा म्हणून खूण केली.

बस गेली. पुढची तासाभरानं होती.